पाव हात मातीतले पीक

इंदापूरहून अकलूजच्या रस्त्याला लागले की वाटेत बावडा लागते. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि दोन्ही नद्यांचा संगम थोड्याच अंतरावर, नीरा नरसिंहपूरला. या दुआबात ऊस उभा आहे, केळी आहेत, मधूनमधून डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा आहेत. गाळपाच्या दिवसांत नीरा-भीमा कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग सुटता सुटत नाही. परगावच्या माणसाला हा मुलूख पाण्याचा वाटतो. प्रत्यक्षात इथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिकामे होतात आणि बारामती-इंदापूरवरून कोरडेच पुढे सरकतात. इथली हिरवळ भाटघर, वीर आणि उजनी या धरणांनी अडवलेल्या पाण्याची आहे.

कालवा आणि नदी सोडून थोडे आत गेले की जमीन आपले खरे रूप दाखवते. वरची माती वीतभर, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. बारामती तालुक्यातल्या सुपे-मोरगावच्या जिराईत पट्ट्यात आणि इंदापूरच्या माळांवर पिढ्यान्पिढ्या बाजरी पेरली गेली. बाजरीच्या ओळींमध्ये तूर, मटकी, हुलगा यांचे मूठमूठ बियाणे पडत असे. पाऊस नीट झाला तर बाजरी घरात येई, दगा दिला तर मटकी-हुलगा तरी हाती लागे आणि बैलांना भुसकट मिळे. कालव्याचे पाणी आणि विजेचे पंप आले तसा हा मिसळीचा पेरा मागे पडला. आता हवामान बदलत असताना त्याच दोन-तीन कडधान्यांकडे कृषिशास्त्र पुन्हा वळले आहे. ती किती तगतात, किती देतात आणि कुठल्या जमिनीत पेरण्याजोगी आहेत, हे मोजून पाहायचे आहे. मोजमाप कशाने करायचे, याच प्रश्नावर या पिकांचे भवितव्य ठरणार आहे.

जमीन मोजण्याच्या इतिहासात इंदापूरचे स्थान मोठे आहे. इंग्रजी राज्याच्या सुरुवातीला प्रिंगल या अधिकाऱ्याने बसवलेला सारा या भागाला पेलला नाही आणि शेते ओस पडू लागली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीची पद्धत इथूनच घडत गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झालेली तिची प्रतवारी साधी होती. जमिनीची खोली हाताने मोजायची आणि पोत पाहायचा. पावणेदोन हात खोल काळी जमीन सोळा आण्यांची. खोली उतरत जाईल तसे आणे उतरत जायचे आणि पाव हात मातीच्या बरड जमिनीला मोजकेच आणे मिळायचे. या पद्धतीच्या मुळाशी एक शेतकी सत्य होते: कोरड्या मुलखात जमीन किती ओल धरून ठेवते यावर पीक ठरते, आणि ओल खोलीवर ठरते. हुलगा आणि मटकी ही त्या तळच्या प्रतींची पिके आहेत. त्यांची तुलना सोळा आण्यांच्या जमिनीतल्या पिकांशी करून त्यांना नापास ठरवणे हा अन्याय आहे, आणि गेली कित्येक दशके तो होत आला आहे.

आता हवामानाकडे पाहू. मराठी माणसाच्या मनात दुष्काळ म्हटले की १९७२ उभे राहते. त्यानंतर २००३, २०१२-१३, २०१५-१६, २०१८ आणि २०२३ अशी वर्षे आली. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलेही बरेच पाणी उपसले गेले. पण या मुलखाचे संकट फक्त कोरडेपणाचे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हा नदीला पूर आला आणि बारामतीतली वस्ती हलवावी लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदापूर तालुक्यात एका रात्रीत शेते वाहून गेली. मे २०२५ मध्ये पावसाळा सुरू होण्याआधीच असा पाऊस कोसळला की नीरा डावा कालवा बारामतीजवळ फुटला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले होते की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. दोन पावसांतली उघडीप लांबली आणि पडला की एकदम पडला, असे ऋतुमान झाले आहे. तेव्हा पीक असे हवे की तीन आठवडे ओढ बसली तरी मान टाकणार नाही आणि नंतर पाऊस आला की पुन्हा फुटेल.

वनस्पती पाण्याचा ताण तीन रीतींनी निभावतात. पहिली रीत पळ काढण्याची: ओल संपायच्या आत फुलून, शेंगा भरून मोकळे व्हायचे. साठ-पासष्ट दिवसांत येणारा मूग असा आहे. दुसरी रीत ताण टाळण्याची: मुळे खोल घालायची, पानांची रंध्रे वेळेवर मिटायची, भर दुपारी पाने सूर्याकडे कडेने वळवायची म्हणजे तळपणारे ऊन अंगावर कमी पडते. चवळी आणि वालाच्या पानांत ही हालचाल दिसते. तिसरी रीत सोसण्याची: पेशींमध्ये साखर, प्रोलीनसारखे पदार्थ साठवून आतले पाणी धरून ठेवायचे आणि वाढ थांबवून तग धरायचा. हुलग्याची खासियत अशी की तो या तिन्ही रीती थोड्याथोड्या वापरतो. कोरड पडली की तो वाढायचे थांबतो, मरत नाही. पाऊस आला की पुन्हा फांद्या फुटतात, फुले येतात. दोनशे-अडीचशे मिलिमीटर पावसात, खताचा एक दाणा न घालता, मुरमाड रानात तो काही ना काही पदरात टाकतो.

मटकीची तऱ्हा वेगळी. ती जमिनीलगत पसरते. फांद्या एकमेकींत गुंतून रानावर दाट आच्छादन होते. त्या सावलीत माती तापत नाही, ओल उडत नाही आणि जोराचा थेंब पडला तरी माती वाहून जात नाही. चाळीस अंशांच्या वर तापमान गेले तरी ती टिकते. भारतातल्या कडधान्यांमध्ये पाण्याचा ताण सर्वांत जास्त सोसणारी म्हणून तिचे नाव घेतले जाते, आणि थरच्या वाळवंटाच्या कडेला राजस्थानात ती लाखो हेक्टरांवर पेरली जाते, हा त्याचा पुरावा आहे. अतिवृष्टीने माती धुऊन नेणाऱ्या आजच्या पावसात मटकीचे हे अंथरूण दाण्याइतकेच मोलाचे आहे. पण दर एकरी उताऱ्याच्या कोणत्याही तक्त्यात वाचलेल्या मातीचा रकाना नसतो.

या पिकांचे आणि भीमेच्या खोऱ्याचे नाते किती जुने आहे, ते याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला उमगते. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठावरील या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली ठळक नावे. इ. स. पूर्व सोळाशेच्या सुमारास वसलेले हे गाव सुमारे नऊशे वर्षे नांदले. जळून कोळसा झालेल्या दाण्यांतून तिथले जेवण उलगडले: मुख्य धान्य जव, त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाल, लाख आणि कुळीथ, म्हणजे आपला हुलगा. गावाजवळ बांध आणि पाट सापडला. पुराचे पाणी वळवून शेताला देण्याची ती सोय असावी, असे उत्खननकारांचे मत झाले. मग इ. स. पूर्व एक हजारच्या पुढे गावाची रया गेली. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीवरची भिस्त कमी होऊन गुरांवर आणि शिकारीवर वाढली. ढवळीकरांनी या उतरणीचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. भीमेच्या खोऱ्यात हवामान पालटल्यामुळे शेतीचा आराखडा बदलण्याची वेळ आज पहिल्यांदाच आलेली नाही.

हुलग्याचे माणसाळणे कसे झाले यावर २०१७ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शार्लीन मर्फी आणि डोरियन फुलर यांनी भारतातल्या उत्खननांत सापडलेले जुने दाणे इंग्लंडमधील ‘डायमंड लाइट सोर्स’ या यंत्रणेच्या तीव्र क्ष-किरणांखाली तपासले. दाणा न फोडता त्याच्या कवचाची जाडी मोजली. रानटी दाण्याचे कवच जाड असते, म्हणून तो वर्षानुवर्षे मातीत झोपून राहतो. पेरलेला दाणा चटकन उगवायला हवा, म्हणून माणसाच्या हाती आल्यावर कवच पातळ होत गेले. सुमारे चार हजार वर्षांपासूनच्या दाण्यांत हा बदल टप्प्याटप्प्याने दिसला. दख्खनच्या शेतकऱ्यांनी, नाव न उरलेल्या बायाबापड्यांनी, निवडून निवडून घडवलेले हे पीक आहे. त्याचा संपूर्ण जनुकनकाशा मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गहू-तांदळाच्या मानाने इतक्या उशिरा.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार, पूर अशा निर्जीव कारणांनी पिकाला होणाऱ्या जाचाचा अभ्यास करण्यासाठी २००९ मध्ये ती सुरू झाली. जागा मिळाली ती उघड्या कातळाची. खडक फोडून, मुरूम पसरून, माती घालून तिथे प्रक्षेत्र तयार करावे लागले. ही अडचणच तिचे बळ ठरली, कारण ज्या जमिनीत शेतकऱ्याचे हाल होतात तीच जमीन प्रयोगाला मिळाली.

तिथे पिकाची सहनशीलता पारखण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी पैदासकार शेतात फिरत, पाने सुकली का पाहत आणि शेवटी दाणे मोजत. आता रोपे कुंड्यांत वाढवून कुंड्या फिरत्या पट्ट्यावर चढवतात. ठरावीक वेळी प्रत्येक कुंडीचे वजन होते, त्यातून रोपाने किती पाणी वापरले ते कळते. कॅमेरे वरून आणि बाजूंनी छायाचित्रे घेतात, त्यांतून पाला किती वाढला याचा हिशेब निघतो. अवरक्त कॅमेरा पानांचे तापमान टिपतो. पाणी मिळत असलेले पान बाष्प सोडून गार राहते, तहानलेले पान तापते. रोप उपटावे लागत नाही, म्हणून त्याच रोपाची कहाणी दिवसागणिक वाचता येते. बारामतीच्या संशोधकांनी या पद्धतीने मुगाच्या वाणांमधला फरक शोधला. पाण्याच्या एकेका मात्रेमागे कुठला वाण किती वाढतो, हे त्यांनी मोजले. तो अभ्यास २०२१ मध्ये ‘फ्रंटियर्स इन प्लांट सायन्स’ या नियतकालिकात आला.

यातला मापाचा बदल फार महत्त्वाचा आहे. एकरी क्विंटल हे खोल जमिनीचे, भरवशाच्या पाण्याचे माप आहे. पाण्याच्या मात्रेमागे वाढ हे कोरड्या मुलखाचे माप आहे. हुलग्याचा हेक्टरी उतारा पाच-सात क्विंटल म्हणजे नगण्य, असे पहिले माप सांगते. पण त्याच माळावर, त्याच पावसाच्या ओढीत सोयाबीनने काय दिले असते, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

तरीही कुंडीतला निकाल जसाच्या तसा बावड्याच्या रानात उतरत नाही. कुंडीत मुळांना जागा मोजकी असते, शेतात ती भेगेतून, मुरमाच्या फटीतून खाली जातात. कुंडीत ताण आपण ठरवू तेव्हा येतो, शेतात तो कधी पेरणीनंतर, कधी फुलोऱ्यात, कधी शेंगा भरताना येतो, आणि प्रत्येक वेळचा परिणाम निराळा असतो. म्हणून पुढची पायरी पाऊस-रोधक छपराखालच्या वाफ्यांची, त्यानंतर शेतकऱ्याच्या बांधावरच्या चाचणीची. याला सोलापूरची परंपरा आहे. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे पहिले प्रयोग सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र निघाले. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली चालते. हुलग्याचे ‘सीना’ आणि ‘माण’ हे वाण याच विद्यापीठाने दिलेले. पावसाने ऑगस्टपर्यंत ओढ धरली तर काय पेरावे, याच्या आपत्कालीन पीक नियोजनात हुलग्याचे नाव असतेच. बाजरीची वेळ निघून गेली, तुरीलाही उशीर झाला, तरी हुलगा पेरता येतो. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्याला फुलोरा येत नाही, म्हणून उशिराची पेरणी त्याला उलट मानवते.

या गुणाची दुसरी बाजू म्हणजे लवकर पेरला तर तो नुसता वेलासारखा पसरत राहतो आणि दाणा कमी धरतो. शेंगा एका वेळी पिकत नाहीत. खालच्या वाळून तडकतात तेव्हा वर फुले असतात. मटकीचेही असेच. ती जमिनीला चिकटून असल्यामुळे यंत्राने कापता येत नाही, हाताने उपटावी लागते, आणि उपटायला माणसे मिळत नाहीत. राजस्थानात १९९० च्या दशकात आलेल्या ‘आरएमओ-४०’ या मटकीच्या वाणाने यावर एक उत्तर दिले. तो उभट वाढतो, साठ-पासष्ट दिवसांत एकदम पिकतो. पिवळा मोझॅक हा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणुरोग दोन्ही पिकांना छळतो. शिवाय दोघांनाही साचलेले पाणी मानवत नाही, आणि ऑक्टोबर २०२० सारखा पाऊस शेंगा भरताना आला तर पीक जाग्यावर कुजते. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात हे खरे, पण कडक ताणात गाठींचे कामही मंदावते, तेव्हा दुष्काळी वर्षात जमिनीला भरघोस नत्र मिळेल असे गृहीत धरू नये. या मर्यादा झाकून हुलग्या-मटकीची नुसती थोरवी गाणे शेतकऱ्याच्या हिताचे नाही. पेरणारा तो आहे, बुडणारही तोच आहे.

उत्साहाच्या भरात एखाद्या कडधान्याला डोक्यावर घेतले की काय होते, याचे उदाहरण चौधारी घेवड्याचे आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने या चार धारांच्या शेंगेवर स्वतंत्र अहवाल काढला. पाने, फुले, शेंगा, दाणे, कंद सगळेच खाता येते आणि प्रथिने सोयाबीनच्या तोडीची, म्हणून उष्ण कटिबंधाच्या भुकेवर हा उपाय ठरेल अशी आशा जगभर पसरली. प्रत्यक्षात वेलाला मांडव घालावा लागतो, मांडवाचा खर्च धान्यपिकाला परवडत नाही, आणि वाळलेला दाणा शिजता शिजत नाही. काही वर्षांतच लाट ओसरली. शास्त्रीय तक्त्यात पहिला आलेला वाण शेतकऱ्याच्या अंगणात आणि सुगरणीच्या चुलीवर नापास होऊ शकतो.

लाखेची गोष्ट त्याहून गंभीर. पाणी नसताना आणि पाणी साचले तरीही येणारे, विदर्भात धानाच्या ओलीवर वाढणारे हे कडधान्य. दुष्काळात दुसरे काहीच न पिकल्यामुळे गरिबांनी महिनोन्महिने फक्त लाखच खाल्ली, तेव्हा तिच्यातल्या विषारी घटकाने पायांतले बळ गेलेली माणसे मध्य भारताने पाहिली आहेत. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीचा कायदा आला. पुढे विषारी घटक कमी असलेले वाण निघाले. तेव्हा दुष्काळ सोसतो एवढ्या एका गुणावर पीक निवडता येत नाही; ताटात रोज आले तर काय होईल, हाही निवडीचा भाग असायला हवा. या कसोटीवर हुलगा आणि मटकी खरी उतरतात. दोन्हींत प्रथिने शेकडा बावीसच्या आसपास, आणि हुलगा लोह व चुन्यासाठी नावाजलेला. त्यातले पचनाला अडथळा करणारे घटक भिजवून, मोड आणून, भाजून कमी होतात. ते आपल्या घरांत पूर्वापार होतेच. भाजून दळलेल्या हुलग्याचे पिठले, माडगे, थंडीतले शेंगोळे, मोड आलेल्या मटकीची उसळ या सगळ्यांमागे पिढ्यांचे पाकशास्त्र उभे आहे.

बावडा आणि आसपासच्या बागाईत गावांना आणखी एक दुखणे आहे, ते चोपण जमिनीचे. उसाला पाट भरभरून पाणी देत गेल्याने जमिनीखालचे क्षार वर आले. नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात खारवट जमिनीची तक्रार इंग्रजी अमदानीपासून आहे. अशा जागी हुलगा घालून उपयोग नाही. पण गवार हे क्षार सोसणाऱ्या थोड्या कडधान्यांपैकी एक आहे. आंतरराष्ट्रीय प्रतवारीत ती सहनशील गटात मोडते, तर घेवडा अगदी नाजूक गटात. आपल्याकडे गवार म्हणजे भाजी. राजस्थान-हरियाणात तिच्या दाण्यापासून डिंक काढतात आणि तो खाद्यउद्योगापासून तेलविहिरींपर्यंत विकला जातो. चोपण सुधारण्यासाठी धैंचा गाडण्याची शिफारस तर जुनीच आहे, आणि धैंचाही शेंगवर्गीयच. एकाच गावात माळावर हुलगा-मटकी, खारवट तुकड्यात गवार किंवा धैंचा आणि उसाच्या पट्ट्यात पहिल्या महिन्यांत चवळी किंवा मूग, अशी विभागणी शक्य आहे. सगळ्या गावाला एकच वाण आणि एकच शिफारस द्यायची सवय इथे मोडावी लागेल.

उसाची जागा हुलगा घेईल, असे कुणी म्हणत नाही. ऊस दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पितो. राज्याच्या पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असूनही सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून बराच मोठा वाटा तो घेतो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालांत मांडले आहे. पण त्याला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, तोडणी-वाहतुकीची यंत्रणा आहे, आता बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रक्षेत्रावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोगही आहेत. हुलग्याच्या मागे यातले काहीच नाही. त्याला हमीभाव नाही, मटकीलाही नाही. तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर या पाचांनाच तो आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू केले. २०३०-३१ पर्यंतची मुदत, ११,४४० कोटी रुपयांची तरतूद. त्याचा भर तूर, उडीद आणि मसूर यांवर आहे. देशाची डाळींची आयात पाहता या तिघांना प्राधान्य मिळणे समजण्यासारखे आहे. पण पाचशे मिलिमीटर पावसाच्या, पाव हात मातीच्या रानात मसूर येणार नाही आणि उडदालाही सलग ओल हवी. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरे झाले, त्यातून ज्वारी-बाजरीला दुकानात आणि शासनाच्या योजनांत जागा मिळाली. बाजरीच्या ओळीतली तिची जोडीदारीण मटकी मात्र त्या योजनांच्या बाहेरच राहिली.

बाजारात मागणी नाही, असेही नाही. पुणे-कोल्हापूर-नाशिकच्या मिसळीत रोज किती मटकी जाते याची कल्पना कुणालाही करता येईल. ती मटकी बहुतांशी राजस्थानातून येते. गिऱ्हाईक महाराष्ट्रात, माळरान महाराष्ट्रात, आणि माल हजार किलोमीटरवरून. इथला शेतकरी पेरत नाही, कारण बियाणे वेळेवर मिळत नाही, उपटणीची मजुरी परवडत नाही आणि सुगीला भाव कोसळणार नाही याची खात्री कुणी देत नाही. या तीन गाठी सुटल्या तर पेरा वाढेल.

बियाण्याचा प्रश्न दोन बाजूंनी सुटू शकतो. अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे केंद्र आहे, तिथे या पिकांच्या गावरान वाणांचा संग्रह राखला जातो. दुसरी बाजू घराघरांतली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण जपले, ‘बाएफ’ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बारामती-इंदापूरच्या जिराईत गावांतही एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या उतरंडीत, राखेत घोळलेला हुलगा सापडेल. तो या मातीत, या पावसात निवडला गेलेला आहे. माळेगावच्या संस्थेच्या कुंड्यांत जाणाऱ्या नमुन्यांमध्ये त्याला पहिल्या रांगेत जागा मिळायला हवी.

अशी पारख बावड्यासारख्या गावात करायची तर ती निदान तीन खरिपांची हवी, कारण एका वर्षात दुष्काळ येईलच असे नाही. चाचणीचे तुकडे रस्त्याकडेच्या काळ्या रानात न घेता माळावर घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्याची खोली आधी खड्डा घेऊन मोजावी. दाण्याबरोबर भुसकटाचेही वजन व्हावे. दुभत्या जनावराला फेब्रुवारीत वैरण विकत घ्यावी लागणाऱ्या घराला ते भुसकट दाण्याइतकेच लागते. खुरपणी आणि उपटणीचे दिवस बायकांना विचारून लिहावेत, कारण ते काम त्याच करतात. शिजायला किती वेळ आणि किती गॅस लागतो, तेही नोंदवावे. आणि पावसाने दगा दिलेल्या वर्षाचा उतारा सरासरीत मिसळून न टाकता वेगळ्या रकान्यात मांडावा, म्हणजे त्या वर्षी शेजारच्या बाजरीला, सोयाबीनला काय आले ते त्याच पानावर दिसेल. माळेगावची संस्था, शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र आणि सोलापूरचे कोरडवाहू संशोधन केंद्र ही तिन्ही ठिकाणे बावड्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत. पेरणीची वेळ जुलैच्या पहिल्या चांगल्या पावसापासून मटकीची, आणि ऑगस्टच्या मध्यापासून हुलग्याची.